नववीच्या मुलांचा गायरानावरचा प्रकल्प: पक्ष्यांच्या यादीपुढे काय मोजायचं?

जिप_शिक्षक_अहमदपूर

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. नववीच्या चार लेकरांना घेऊन पर्यावरण प्रकल्प स्पर्धेत उतरतोय. विषय आहे 'आपल्या परिसरातील वन्यजीव आणि त्यांचं संवर्धन'. अहवाल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात द्यायचा, मर्यादा पंधरा पानांची, आणि परीक्षकांपुढे आठ मिनिटं बोलायचं.

गावाला साधारण ४० हेक्टर गायरान आहे, मुरमाड, कुसळी गवताचं. तीन बाजूंना सोयाबीन-तुरीची रानं, चौथ्या बाजूला ओढा आणि पाझर तलाव. हरणं म्हणजे काळवीट नेहमी दिसतात, खोकड अधूनमधून. लांडगा येऊन गेल्याचं मेंढपाळ सांगतात. मुलांनी ३८ पक्ष्यांची यादी केली आहे, पण तालुक्याला नुसती यादी टिकत नाही. 'यातून कळलं काय?' असं विचारतात.

साधनं म्हणजे ८ बाय ४० ची एक दुर्बीण, दोन फोन आणि मोजपट्टी. पैसे जवळपास नाहीत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमकं काय मोजावं? आणि संवर्धनाच्या भागात झाडं लावणं आणि जनजागृती फेरी सोडून मुलांच्या हातून काय होण्यासारखं आहे?

माळटिटवी

सर, यादी परिशिष्टात ठेवा. प्रकल्पाला एकच प्रश्न लागतो आणि तो तुमच्या वर्णनातच आहे. गायरान, पेरलेलं रान आणि तलावकाठ ही तिन्ही ठिकाणं तुमच्याकडे शेजारी-शेजारी आहेत. 'गायरानावर असे कोणते पक्षी आहेत जे लगतच्या रानात आणि तलावकाठी दिसत नाहीत किंवा क्वचित दिसतात?' एवढाच प्रश्न घ्या. गायरानाला सगळे पडीक म्हणतात आणि पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. त्या जमिनीवर कोण राहतं हे आकड्यांत दाखवणं हेच मुळात संवर्धनाचं काम आहे.

पद्धत पॉइंट काउंटची, म्हणजे ठरलेल्या जागी उभं राहून ठरलेला वेळ मोजणं. प्रत्येक अधिवासात सहा जागा निवडा, दोन जागांमध्ये किमान २५० मीटर अंतर ठेवा. ४० हेक्टर म्हणजे साधारण ६३० मीटर बाजूचा चौरस, त्यात सहा जागा आरामात बसतात. जागा 'पक्षी दिसतात म्हणून' निवडू नका. गाव नकाशावर २५० मीटरची जाळी आखा आणि चिठ्ठ्या टाकून सहा छेद उचला. तलावकाठी जाळी बसणार नाही, तिथे काठाकाठाने तेवढंच अंतर ठेवत जा. तलावाचा काठ सहा जागांना पुरत नसेल तर ओढ्याचा काठ त्यात धरा आणि तसं अहवालात लिहा. जागेवर दगडांची छोटी रास करून चुन्याने क्रमांक टाका, फोनमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवा.

जागेवर पोहोचलात की आधी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, तुमच्या चालण्याने दबलेले पक्षी परत हलू लागतात. मग दहा मिनिटं मोजणी. ५० मीटर त्रिज्येच्या आत बसलेले किंवा चरणारे पक्षीच धरायचे. वरून नुसते उडून गेलेले वेगळ्या रकान्यात. ५० मीटर डोळ्याला कळावेत म्हणून शाळेच्या मैदानावर मोजपट्टीने अंतर आखून आधी सराव करा, कारण मुलं ८० मीटरवरचा पक्षी बिनदिक्कत ५० मध्ये घेतात. मोठ्यांचंही तेच होतं. सूर्योदयानंतर सुरू करून अडीच तासांत संपवा, ऊन तापलं की माळावरचे पक्षी गप्प होतात. सहा जागांची फेरी पावणेदोन ते दोन तासांत होते. एका सकाळी एकच अधिवास घ्या, प्रत्येक अधिवासाच्या चार फेऱ्या करा. तीन अधिवास, सहा जागा, चार फेऱ्या मिळून ७२ मोजण्या होतात. नववीच्या मुलांसाठी हे भरपूर आहे.

फेरी कधी पहिल्या जागेपासून, कधी सहाव्या जागेपासून सुरू करा. नाहीतर पहिल्या जागेवर कायम जास्त पक्षी आणि शेवटच्या जागेवर कमी दिसतील, आणि तो फरक जागेचा नसून घड्याळाचा असेल.

आता बिघडतं कुठे ते सांगते.

सगळ्यात मोठा घोळ ऋतूचा. सप्टेंबरअखेरपासून स्थलांतरित पक्षी यायला लागतात. गायरान सप्टेंबरात मोजलं आणि रान नोव्हेंबरात, तर रानात पक्षी जास्त निघतील आणि निष्कर्ष साफ चुकेल. म्हणून एका फेरीचे तिन्ही अधिवास त्याच आठवड्यात संपवायचे.

दुसरी अडचण पिकाची. सोयाबीन काढलं की सांडलेल्या दाण्यावर होले, चिमण्या एकदम उतरतात, आणि तूर डोक्याइतकी वाढली की आतलं काहीच दिसत नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. म्हणून प्रत्येक मोजणीला पीक कोणतं, उंची किती, काढणी झाली का, हे लिहाच. तुरीच्या रानातली जागा नेहमी बांधावर ठेवा आणि ते अहवालात स्पष्ट सांगा.

तिसरी भोरड्यांची (गुलाबी मैनांची). ज्वारी निसवली की शेकड्यांनी, हजारांनी थवे येतात. एका सकाळच्या दोन हजार भोरड्या तुमची सरासरी उद्ध्वस्त करतात. त्यामुळे पक्षी किती यापेक्षा 'चोवीसपैकी किती मोजण्यांत ही जात दिसली' हा आकडा वापरा. सहा जागा गुणिले चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक अधिवासाला चोवीस. माळटिटवी गायरानावर चोवीसपैकी चौदा वेळा आणि तलावकाठी एकदा दिसली असं म्हटलं की परीक्षकाला लगेच कळतं. टक्केवारी काढू नका, एवढ्या कमी नोंदींवर टक्के फसवे दिसतात. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्हाला मिळतील.)

टिटवीचा उल्लेख मुद्दाम केला. दोन जाती शेजारी असतील. डोळ्यापुढे लाल कातडी असलेली टिटवी पाण्याच्या आसपास जास्त, आणि पिवळी लोंबती कातडी, डोक्यावर काळी टोपी असलेली माळटिटवी कोरड्या उघड्या माळावर. मुलांना हा भेद एका सकाळी शिकवता येतो आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सुरू होतं. तशीच नजर धाविक (माळावर पळणारा पक्षी), नीलपंख आणि हिवाळ्यात भोवत्यांवर (माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) ठेवा. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल उघड्या माळाच्या आणि गवताळ भागातल्या पक्ष्यांची घट ठळकपणे सांगतो, त्यात नीलपंखही आहे. चंडोलाच्या जाती मात्र मुलांना ओळखू येणार नाहीत, तिथे 'चंडोल, जात अनिश्चित' असं सरळ लिहा. ओढूनताणून नाव दिलं की परीक्षक एक प्रश्न विचारतो आणि बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

मर्लिन अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं. ते नाव फक्त 'शोधा' अशी सूचना माना, नोंद नव्हे. दिसला आणि ओळखला तरच नोंद.

बांधावरून

वरचं सगळं बरोबर. माझं एकच म्हणणं: काळवीट घ्या. परीक्षकाला मोठा प्राणी आवडतो, फोटो चांगले येतात, गावालाही अभिमान वाटतो. शिवाय पाणवठा बांधा, उन्हाळ्यात कामाला येईल आणि 'कृती' म्हणून दाखवता येईल.

खोकड

काळवीट घ्यायला हरकत नाही, पण संख्या मोजायच्या मागे लागू नका. एकच कळप सकाळी गायरानावर आणि दुपारी हरभऱ्यात असतो, मुलं दोन्ही वेळा मोजून बेरीज करतात. काळविटाचं करायचंच असेल तर ठरलेल्या एका उंचवट्यावरून, ठरलेल्या वेळी, एका दिवसात एकदाच बघा. काळे नर, शिंगं असलेले पण अजून बदामी रंगाचे तरुण नर, माद्या आणि पाडसं असे चार रकाने करा. अनेक दिवसांच्या नोंदींची बेरीज नाही करायची, एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा सांगायचा. कळपापासून किमान २०० मीटर लांब राहा. माना वर करून तुमच्याकडे बघायला लागले की तुम्ही जास्त जवळ आहात. गवतात एकटं बसलेलं पाडस सापडलं तर ते 'चुकलेलं' नसतं, आईने लपवून ठेवलेलं असतं. हात लावायचा नाही, फोटोसाठी घोळका करायचा नाही, सरळ निघून जायचं.

रात्रीच्या प्राण्यांसाठी कॅमेरा लागत नाही, ठशांच्या चौकटी पुरतात. गायरानाच्या पायवाटेवर १०० मीटरला एक अशा दहा चौकटी करा, प्रत्येकी १ मीटर बाय १ मीटर. तुमच्याकडची काळी माती यासाठी निरुपयोगी आहे, कोरडी असली की भेगाळते आणि ओली झाली की चिकटते. ओढ्याच्या कडेचा पोयटा वाळवून गव्हाच्या चाळणीने चाळा आणि २ सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. एका चौकटीला साधारण दोन घमेली लागतात. संध्याकाळी फळीने सपाट करायचं आणि सकाळी शेळ्या-मेंढ्या सुटायच्या आधी वाचायचं. डिसेंबरात दव पडून वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि हलक्या प्राण्यांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरका.

ठशाचा फोटो बरोबर वरून, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून, ऊन तिरपं असताना काढा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ठसा सपाट दिसतो. नखं उमटली असतील तर बहुधा कुत्र्याच्या कुळातला, नखं नाहीत आणि ठसा गोल असेल तर मांजराच्या. तरसाचीही नखं उमटतात, पण त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा असतो. लांडगा आणि मोठा गावकुत्रा यांचा फरक एका ठशावरून होत नाही, कोणी छातीठोक सांगितलं तरी मानू नका. मुलांनी तिथे 'कुत्रा किंवा लांडगा' असंच लिहावं. शेळी आणि हरणाच्या खुरांचंही तेच, जिथे शेळ्या चरतात तिथे खुरांच्या नोंदी सोडून द्या.

आकडा असा काढायचा: दहा चौकटी पाच रात्री म्हणजे पन्नास चौकट-रात्री. त्यात खोकड किती वेळा, ससा किती वेळा, कुत्रं किती वेळा. ठसे किती उमटले ते मोजायचं नाही, एकच खोकड चौकटीत चार चकरा मारतं.

कुत्र्यांचा रकाना मुद्दाम ठेवा. मोकाट कुत्री पाडसांच्या मागे लागतात आणि त्यांचे आजार खोकडात जातात. तुमच्या गायरानावर खोकडापेक्षा कुत्र्यांच्या नोंदी जास्त निघाल्या तर तोच प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असेल.

म्हणूनच 'बांधावरून' दादांच्या पाणवठ्याशी मी सहमत नाही. शेजारी पाझर तलाव असताना माळावर सिमेंटचा हौद केला तर आधी कुत्री आणि जनावरं येतात. साफसफाई थांबली की साचलेलं घाण पाणी उरतं, आणि शिकाऱ्याला फास कुठे लावायचा ते ठिकाण आयतं मिळतं. फासाचं निघालं म्हणून सांगतो: तारेचा किंवा दोरीचा फास दिसला तर मुलांनी तो काढायचा नाही. जागा लक्षात ठेवून सरांना सांगायचं आणि सरांनी वनरक्षकाला.

लांडग्याचं ऐकीव आहे ते ऐकीवच राहू द्या. डिसेंबर-जानेवारी हा त्यांच्या पिलांचा काळ. मेंढपाळाने बिळाची जागा दाखवली तरी मुलांना तिकडे नेऊ नका आणि ती जागा नकाशावर, अहवालात, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. माणसांची वर्दळ झाली की मादी पिलं हलवते, आणि जागा फुटली की बीळ बुजवणारेही पोचतात.

ओढाकाठ

सरांच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण संवर्धनाचा भाग बहुतेक प्रकल्पांत शेवटच्या पानावर उरकलेला असतो.

आधी काय लिहू नये ते. 'उपाय: गायरानावर वृक्षारोपण करावे' हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका. माळटिटवी, धाविक, चंडोल, काळवीट, खोकड यांना उघडा माळ लागतो. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, काळविटाचा बचाव लांबवर दिसण्यावर आणि पळण्यावर आहे. तिथे खड्डे घेऊन गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावली की हे प्राणी हटतात, आणि आपण मात्र हिरवळ झाली म्हणून फोटो काढतो. झाडं लावायला ओढ्याचा काठ आहे, शाळेचं आवार आहे, रस्त्याची कड आहे. मुलांनी स्वतःच्या आकड्यांवरून हे परीक्षकांपुढे मांडलं तर त्यापेक्षा मोठी जनजागृती नाही.

मोजून दाखवता येईल आणि लगेच हात घालता येईल असं काम म्हणजे विहिरी आणि शेततळी. आपल्याकडे कठडा नसलेल्या जुन्या विहिरी रानोरान आहेत, आणि २०१६ पासून शेततळ्यांची योजना आल्यावर प्लास्टिक अंथरलेली तळी वाढली. विहिरीत खोकड, तरस, हरीण पडतं. शेततळ्याचं वेगळं आहे. प्राणी पाण्याला जातो, ओल्या प्लास्टिकवर पाय घसरतो, वर चढता येत नाही, आणि कडेकडेने पोहून-पोहून दमून मरतो.

गायरानाच्या हद्दीपासून १ किलोमीटरचा पट्टा धरा आणि त्यातली प्रत्येक विहीर, प्रत्येक शेततळं नोंदवा. गट क्रमांक तलाठी कार्यालयातल्या गाव नकाशावरून मिळेल. विहिरीसाठी रकाने: कठडा आहे का, उंची किती, काठावर गवत किंवा झुडूप वाढून तोंड झाकलंय का, आत पायऱ्या आहेत का, विहीर वापरात आहे का, गायरानापासून अंतर. शेततळ्यासाठी: प्लास्टिक आहे का, कुंपण आहे का, कुंपणाखाली फट किती, बाहेर यायला काही सोय आहे का.

सुरक्षेचं कडकपणे पाळा. मुलं काठापासून ३ मीटरच्या आत जाणार नाहीत, आत वाकून कोणी बघणार नाही, सोबत शेतकरी आणि शिक्षक दोघंही असतील. पडक्या विहिरींचे काठ आतून पोकळ झालेले असतात. दुसरा धोका आग्या मोहळाचा, जुन्या विहिरींच्या आत ती लटकलेली असतात. आधी शेतकऱ्याला विचारा. तीव्र वासाचं तेल, अत्तर लावून जाऊ नका, दगड टाकू नका.

शेतकऱ्यांशी बोलताना प्रश्नाची रचना महत्त्वाची. 'तुमच्या विहिरीत प्राणी पडतात का हो?' असं विचारलं की समोरचा एकतर घाबरून नाही म्हणतो, नाहीतर गेल्या वीस वर्षांचं सगळं सांगतो. असं विचारा: 'गेल्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत विहिरीत किंवा तळ्यात काही पडलं होतं का? कोणतं जनावर? जिवंत निघालं का? कसं काढलं?' सणाची खूण दिली की आठवण नेमकी येते. शेळी, कुत्रं, वासरू पडलं असेल तर तेही लिहा. गावाला तोडगा पटायला त्याच नोंदी उपयोगी पडतात, कारण कठडा वन्यप्राण्यांइतकाच स्वतःच्या जनावरांसाठीही आहे. शेतकऱ्याचं नाव अहवालात छापायचं नाही, क्रमांक द्यायचा. नाव येणार म्हटलं की खरं कोणी सांगत नाही.

आता कृती. प्रत्येक विहिरीला कठडा बांधणं तुमच्या हातात नाही, पण एका शेततळ्याला काथ्याची शिडी लावणं आहे. माप असं काढा. तळ्याची खोली ३ मीटर आणि उतार १ ला १.५ असेल तर आडवं अंतर ४.५ मीटर आणि उतारावरची लांबी साधारण ५.४ मीटर येते. (पायथागोरसचं प्रमेय नववीच्या मुलांना माहीत असतंच, गणिताच्या सरांनाही सामील करून घ्या.) वर बांधावर आणण्यासाठी दीड मीटर धरा, म्हणजे शिडी ७ मीटरची. बोटाएवढ्या जाडीची काथ्याची दोरी घ्या. दोन उभ्या दोऱ्या ७-७ मीटरच्या, आडव्या पायऱ्या दर १५ सेंटिमीटरला, रुंदी ७५ सेंटिमीटर. उतारावर साधारण ३६ पायऱ्या होतात, गाठींसकट प्रत्येकीला सव्वा मीटर दोरी. एका शिडीला एकूण ६० मीटर. ससा, मुंगूस अशा लहान प्राण्यांचा पाय पायऱ्यांमधल्या प्लास्टिकवर घसरतो, म्हणून मधोमध वीतभर रुंदीची गोणपाटाची पट्टी सुतळीने शिवून टाका.

वरचं टोक बांधाच्या बाहेरच्या बाजूला ठोकलेल्या दोन खुंट्यांना बांधायचं. प्लास्टिकमधून खिळा किंवा खुंटी गेली की तळं गळतं आणि शेतकरी पुन्हा कोणाला जवळ उभं करत नाही. खालच्या टोकाला वजन म्हणून वाळू भरलेली गोणी बांधा, दगड नको, तो प्लास्टिक फाडतो. शिडी तळापर्यंत गेलीच पाहिजे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि अर्धवट शिडी नेमकी तेव्हाच लोंबकळत राहते. जागा कोपऱ्यांत. पडलेला प्राणी मध्ये राहत नाही, काठाला लागून फिरतो आणि कोपऱ्यात येतो. किमान दोन समोरासमोरचे कोपरे घ्या, चारही झाले तर उत्तम.

नायलॉनची दोरी टिकते पण ओली झाली की गुळगुळीत होते. मासेमारीचं जाळं तर अजिबात नको, त्यात पाय अडकून प्राणी बुडतो. काथ्या उन्हापाण्याने कुजतो, दर पावसाळ्याआधी ओढून बघावा लागतो. ते काम पुढच्या नववीकडे सोपवा आणि तसं अहवालात लिहा.

शिडीच्या वरच्या टोकाला 'खोकड' यांनी सांगितलेली पोयट्याची एक चौकट करा. कोणता प्राणी तळ्यापर्यंत येतो हे त्यावर कळेल. शिडीमुळे अमुक प्राणी वाचले असा दावा मात्र करू नका. दोन महिन्यांत ते सिद्ध होत नाही.

तळ्यात किंवा विहिरीत जिवंत वन्यप्राणी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. गावकऱ्यांनी गर्दी करून, दोरखंड टाकून ओढायचं नाही. घाबरलेला प्राणी माणसावरही येतो आणि स्वतःही मरतो.

जिप_शिक्षक_अहमदपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. विहिरींचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आणि मुलांना ते लगेच पटलं. तीन शंका.

एक, पक्षी, ठसे आणि विहिरी असं तिन्ही चार मुलांना झेपेल का? दोन, एका मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती हंगामी वसतिगृहात राहील असं म्हणतायत, पण नक्की नाही. मध्येच मोजणारं माणूस बदललं तर? तीन, कायद्याच्या दृष्टीने मुलांना काही अडचण? प्रदर्शनात ठेवायला एकाने काळविटाचं शिंग आणून दिलं आहे.

माळटिटवी

शिंगाचं आधी. ते प्रदर्शनात ठेवू नका, शाळेतही ठेवू नका, वनरक्षकाला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा कुठलाही भाग बाळगणं गुन्ह्यात मोडतं, सापडलेला असला तरी. घरटी आणि अंडी यांना हात लावणंही त्याच कायद्याने शिकारीच्या व्याख्येत बसतं. त्यामुळे नमुने गोळा करायचेच नाहीत, फोटो आणि नोंद एवढंच. गायरानावर नुसतं बघायला वन विभागाची परवानगी लागत नाही, पण एखादा तुकडा वन विभागाच्या ताब्यात असेल तर आधी विचारा. ग्रामपंचायतीला एक पत्र द्या आणि पोच घ्या. ती पोच अहवालात लावली की चांगलं दिसतं.

ग्रामपंचायतीत गेलातच तर लोक जैवविविधता नोंदवही मागा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही नोंदवही तिने ठेवायची असते. त्यात गायरानाबद्दल काय लिहिलंय ते बघा. मुलांच्या नोंदी त्यात जोडायची विनंती समितीला लेखी करा. प्रकल्प संपला तरी त्या नोंदी गावाच्या कागदावर राहतील. माझ्या मते तुमच्या संवर्धन भागाचा हा सर्वांत भक्कम तुकडा होईल.

तिन्ही कामं झेपतील, पण पक्षी हा मुख्य अभ्यास आणि विहिरी-शेततळी ही कृती असं ठेवा. ठसे पाच रात्रींत संपतात. मुलांच्या दोन जोड्या करा. जोडीत एक बघून बोलेल, दुसरा लिहील. दोघांनीही बघितलं की लिहायचं राहतं.

माणूस बदलण्याची तयारी आत्ताच करा. पहिल्या फेरीआधी दोन्ही जोड्या एकाच जागी, एकमेकांशी न बोलता दहा मिनिटं मोजू द्या आणि कागद ताडून बघा. जाती वेगळ्या निघाल्या तर का, याची चर्चा करा, पुन्हा मोजा. जुळायला लागलं की मगच खरी नोंद सुरू. आठवीतल्या एकालाही या सरावात घ्या. दिवाळीनंतर गरज पडली तर तो तयार असेल. प्रत्येक कागदावर मोजणाऱ्याचं नाव हवंच. त्या मुलीने दिवाळीआधी केलेलं काम तिच्याच नावाने अहवालात यायला हवं, ती सादरीकरणाला असो वा नसो.

फेऱ्यांचं वेळापत्रक: पहिली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सोयाबीन उभं असेल तर उत्तम. दुसरी काढणीनंतर, तिसरी नोव्हेंबरच्या मध्यात, चौथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. चौथी पुढे ढकलू नका, कारण वेळ अमावस्येच्या आसपास अख्खं गाव रानात असतं आणि त्या दिवसांतली रानातली मोजणी धरता येणार नाही. एखादी सकाळ दाट धुक्याची किंवा सोसाट्याच्या वाऱ्याची निघाली तर मोजणी रद्द करून दुसऱ्या दिवशी घ्या, अर्धवट कागद जोडू नका.

नोंदी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायच्या असतील तर प्रत्येक जागेची वेगळी यादी, प्रकार 'स्थिर', कालावधी दहा मिनिटं. ओळखलेले सगळे पक्षी टाकले असतील तरच यादी पूर्ण म्हणून खूण करा.

खोकड

एक राहिलं. प्रत्येक पक्षी-जागेवर गवतही मोजा, नाहीतर गायरान वेगळं का हे सांगता येणार नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा चार बांबूकाठ्या जोडून १ मीटरची चौकट करा. जागेपासून चार दिशांना वीस-वीस पावलं चालून खाली ठेवा. चौकटीत मोकळी माती किती, गवत किती, गाजरगवत किती हे पाव, अर्धं, पाऊण अशा अंदाजाने लिहा, आणि गवताची उंची पाच ठिकाणी पट्टीने मोजा. एकदा ऑक्टोबरात आणि एकदा डिसेंबरात, चराई झाल्यावर. गावातल्या जुन्या मेंढपाळाला सोबत न्या. कुसळी, पवन्या, मारवेल तो चालता-चालता ओळखून देईल, आणि कोणतं गवत कुठून कमी झालं हेही. त्याने सांगितलेलं 'मेंढपाळाच्या सांगण्यावरून' असं वेगळ्या रकान्यात लिहा.

जिप_शिक्षक_अहमदपूर

शिंग उद्याच वनरक्षकांकडे देतो. या रविवारी मैदानावर ५० मीटरचं वर्तुळ आखून सराव सुरू करू. शेततळ्यासाठी गावातले एक शेतकरी तयार आहेत, त्यांच्या तळ्याला प्लास्टिक आहे आणि कुंपण एकाच बाजूला. खोली ३ मीटर आहे, पण उतार जास्त उभा वाटतो, १ ला १ असावा.

ओढाकाठ

१ ला १ असेल तर उतारावरची लांबी ४.२५ मीटरच्या आसपास येईल. शिडी छोटी होईल, पण चढ उभा असल्याने पायऱ्या १५ ऐवजी १२ सेंटिमीटरवर घ्या आणि रुंदी १ मीटर करा. दोरी तेवढीच लागेल, साधारण ६० ते ६५ मीटर. आधी बांधावर उभं न राहता, शेतकऱ्याकडून खोदकामाची मापं घ्या. त्यांच्याकडे योजनेच्या कागदांत ती असतात.